सातव्या वेळी

काल नातीच्या फोनवर ओटीपी आला. तिने मोठ्याने वाचला: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. मला एकदम कोळशाचा वास आला.

सोनपेठजवळच्या आमच्या घरी, अंगणातल्या फरशीवर, मी कोळशाने हाच आकडा लिहिला होता. चौथीच्या गुरुजींनी तो दिला होता. दुप्पट केला की २८५७१४, तिप्पट केला की ४२८५७१. आकडे तेच, फेर धरलेल्या पोरींसारखे नुसते जागा बदलतात. सहापर्यंत मी करून पाहिलं होतं.

यात्रेला निघालेल्या बैलगाडीत एकाचीच जागा उरली होती, ती थोरल्या भावाला मिळाली. तो म्हणाला, "सातानं गुणून दाव. हेच आकडे आले तर माझ्या जागी तू जाय."

"येतेत की. कुठं जातेत?"

गुणलं, तर सगळे नऊच आले. सहाच्या सहा नऊ. हातचा चुकला असेल म्हणून परकराने पुसून पुन्हा गुणलं. तेच. तोवर भाऊ गाडीत चढला होता.

"आता फरशी चाटतीस का?" आई म्हणाली.

मी रडले नाही. आठाने गुणलं. ११४२८५६ आले. पुढचा एक उचलून शेवटच्या सहात मिळवला, तर तोच आकडा परत उभा! यात्रा तिथेच विसरले.

पण सातालाच फेर का मोडतो, ते अजून कळलं नाही. काल नातीला विचारलं.

"आज्जे, तुझ्या नादात ओटीपी संपला की!"

तिने दुसरा मागवला. त्यात काही नव्हतं.