मुलुंडहून मस्कतला गेलेली हाक

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवायचे. साक्षात्कार, अंगात येणं, स्वप्नात दिसणं... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

साल १९८६. मुलुंड पश्चिमेला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो — मी, माझा नवरा सुहास आणि सासूबाई. आमची ओळखच ट्रेकिंगमधली. माहुली, भीमाशंकर, आणि काहीच जमलं नाही तर घरामागचा डोंगर. हा पठ्ठ्या कायम पुढे आणि बुटाची नाडी कायम सुटलेली. मागून मी ओरडायचे, "सुहास, नाडी!" मग साहेब थांबणार, वाकून बांधणार आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "ह्या काय गो, नवऱ्याक हाक मारूची रीत?"

मग सुहासला मस्कतला नोकरी लागली. स्वतःचं घर हवं होतं, म्हणून दोन वर्षांसाठी गेला. पत्रं यायची — तिथले उघडेबोडके डोंगर, शुक्रवारच्या सुट्टीतली भटकंती, आणि शेवटी दर वेळी 'तू हवी होतीस'. दोन वर्षं संपत आली तेव्हा त्यानं लिहिलं, कंपनी आणखी तीन वर्षांचा करार देतेय, काय करू? मी उत्तर दिलं, तुला योग्य वाटेल ते कर. पत्र पेटीत टाकलं आणि घरापर्यंत रडत आले.

त्यानंतरचा शुक्रवार. माझी सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी घरीच होते. साडेतीनच्या सुमारास मी आणि सासूबाई मेथी निवडत बसलो होतो. डोक्यात काहीही नव्हतं, शपथेवर सांगते. आणि अचानक माझ्या तोंडून खच्चून आरोळी गेली, अगदी ट्रेकवर जायची तशी — "सुहास, नाडी!"

शेजारच्या काकू दारात आल्या. सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "गो, कोणाक हाक मारलंस?"

"काही नाही हो आई... असंच," मी म्हटलं. घसा दुखत होता. त्यांनी उठून भरदुपारी देवापाशी दिवा लावला.

पंधरा दिवसांनी सुहासचं पत्र आलं. त्या शुक्रवारी तो एकटाच डोंगरात गेला होता. परतताना गाडीपर्यंत पोचायला एक कोरडा ओढा ओलांडायचा होता. दुपारचे दोन वाजलेले — म्हणजे आपले साडेतीन — आणि आभाळ स्वच्छ. तो काठावरून उतरायला लागला आणि मागून माझा आवाज आला, "सुहास, नाडी!" सवयीनं थांबला, वाकला... तर पायात सँडल.

'आधी मला हसू आलं,' त्यानं लिहिलं होतं, 'आणि मग रडू. तिथेच काठावर बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग वरच्या बाजूनं घरघर ऐकू आली.' लांब डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असावा. दगड, झाडं घेऊन लोंढा आला आणि बघता बघता ओढा पुरुषभर पाण्यानं भरला.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. मैत्रीण म्हणाली, टेलिपथी. शाळेतले एक सर म्हणाले, योगायोग. विज्ञानाची बाई म्हणून मला योगायोग पटायला हवा. पण तीच दुपार, तीच वेळ, तेच दोन शब्द... काय झालं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

माझ्या आरोळीबद्दल मी त्याला पत्रात कळवलं नव्हतं. करारावर सही न करता तो महिन्याच्या सुट्टीवर आला, तेव्हा सांगितलं.

"इतक्या लांबून मला थांबवता येतं तुला," तो म्हणाला, "मग 'परत ये' एवढं लिहायला काय झालं होतं गं?"

"मी कोण सांगणारी? तुझी नोकरी."

"यार, तूच ना. आणखी कोण?"

मग मी म्हटलं, "नको जाऊस." अगदी हळू म्हटलं, पण त्याला ऐकू गेलं.