मारियानने बाटली परत केली

मारियान भित्रा होता. ही काही त्याची निंदा नव्हे. डोंगरावरच्या आमच्या याल्विट्स गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ढग गडगडले की हा मक्याचं शेत अर्धवट टाकून घर गाठायचा. कुत्रं भुंकलं की बायकोच्या मागे लपायचा. गावकीच्या बैठकीत त्याचं नाव पुकारलं की त्याची बोबडी वळायची, आणि 'हजर' म्हणायचं काम शेजारी बसलेला माणूस करायचा. पन्नाशी उलटली तरी गडी तसाच. बायको लोशा तोंडाची फटकळ, ती चारचौघांत म्हणायची की आमच्या घरात पुरुष एकच आहे आणि तो घागरा नेसतो.

भीतीवर त्याला एकच औषध सापडलं होतं, ते म्हणजे पोश, आमच्याकडची उसाची कडक दारू. पोटात दोन पेले गेले की त्याला कशाचीच भीती वाटायची नाही, आणि मग लोशाला त्याची भीती वाटायची. अशी वीस वर्षं गेली. एकदा कोबी विकायला तो खाली सान क्रिस्तोबालला गेला आणि पिऊन शहराबाहेरच्या वस्तीतल्या गटारात पडला. तिथल्या उपासना मंडळीतल्या दोन बायकांनी त्याला उचललं, धुतलं, घेवड्याचं गरम कालवण पाजलं. कुठला, कोण, काही विचारलं नाही. तेवढ्यासाठी तो पुढच्या रविवारी परत गेला आणि मागच्या बाकावर चोरासारखा बसला. मग जातच राहिला. ती मंडळी ख्रिस्ताचीच, पण संतांच्या मूर्ती न पुजणारी आणि दारूला न शिवणारी. वर्षभराने त्याचा ओढ्यात बाप्तिस्मा झाला, तेव्हा पाण्याच्या भीतीने तो पाळकाच्या गळ्याला असा काही चिकटला की पाळकच बुडता बुडता राहिला.

दारू सुटली. भीती मात्र सुटली नाही, उलट आता तिच्यावर उतारा नव्हता. लोशानेही त्याच्यापाठोपाठ बाप्तिस्मा घेतला, पण खरं सांगायचं तर नवरा पिऊन येत नाही, यापलीकडे तिला त्या शास्त्रातलं फारसं काही कळत नव्हतं. प्रार्थनेला बसली की तिचं निम्मं लक्ष मेंढ्यांकडे. तिच्या अकरा मेंढ्या होत्या, प्रत्येकीला नाव होतं, आणि त्यांच्या लोकरीवर तिचं मागावरचं काम चालायचं. दोन वर्षं गावाने डोळेझाक केली, कारण लोशाचा थोरला भाऊ आंत्रेश हा गावकीचा कारभारी होता. त्याने एवढंच बजावलं होतं की काय गायचं ते दार लावून गा.

पण सणाचा मान कुणाला चुकत नाही. आमच्या संताचा वर्षभराचा मानकरी दरसाल नव्या घरातून निवडला जातो. त्या घराने वर्षभर संताची सेवा करायची, धूप जाळायचा, मिरवणुकीत त्याची मूर्ती खांद्यावर घ्यायची. निवड झाली की गावकीची माणसं पोशची बाटली घेऊन दारात येतात. घरातल्या कुणीही ती हातात घेतली की मान स्वीकारला. मग तिसऱ्या दिवशी चौकात सर्वांसमोर त्याच बाटलीतला पेला घ्यायचा आणि शपथ म्हणायची, "हे घर तुझं, हा जीव तुझा." झालं. बाटली परत गेल्याचं याल्विट्समध्ये कुणाच्या आजोबांनीही ऐकलं नव्हतं.

त्या सकाळी मारियान बटाटे काढायला गेला होता. गावकीची चार माणसं दारात आली आणि सर्वांत म्हाताऱ्या शालिकने बाटली पुढे केली. लोशाचे हात पिठाने भरलेले. तिने ते घागऱ्याला पुसले आणि खाली मान घालून बाटली दोन्ही हातांनी घेतली. वडीलधाऱ्या माणसाने काही पुढे केलं तर ते घ्यायचं, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक, हातांनी तिला विचारलंच नाही. माणसं निघून गेल्यावर तिला भान आलं, आणि ती तिथेच उंबऱ्यात बसली.

मारियान आला. त्याने टेबलावरची बाटली पाहिली आणि त्याच्या पाठीवरची बटाट्यांची टोपली खाली आली. लोशाने त्याला बोलूच दिलं नाही. चूक झाली हे तिने कबूल केलं, पण त्याच दमात हेही ऐकवलं की आता झालंय ते होऊन जाऊ दे, वर्ष काय बघता बघता जाईल.  मारियान म्हणाला की बाटली परत करावी लागेल. लोशाला आधी वाटलं की तो थट्टा करतोय.

"कोण करणार परत? तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही शेजारच्या कोंबड्याला हाकलायला मला बोलावता."

"मला माहीत आहे," मारियान म्हणाला.

त्याने संध्याकाळी आंत्रेशला निरोप धाडला की तिसऱ्या दिवशी चौकात येईन, पण बाटली परत करायला. दुसऱ्या दिवशी उजाडताच घराचा नळ कोरडा पडला. गावकीच्या माणसांनी रस्त्यावरच नळी कापली होती. लोशा मेंढ्या घेऊन गायरानात गेली तर दोन पोरींनी काही न बोलता मेंढ्यांना काठ्या मारून परत फिरवलं. कालपर्यंत मीठ मागायला येणारी शेजारीण तिला पाहून आत गेली आणि तिने दाराला कडी घातली. तो कडीचा आवाज मारियानने परसातून ऐकला. डोंगरापलीकडच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी एकाचं घर असंच आधी एकटं पडलं होतं. नंतर ते जळालं. कुणी जाळलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला कुणी गेलं नव्हतं.

आणि गाव काही राक्षसांचं नव्हतं, हेही सांगायला हवं. गावालाही भीतीच होती. एका घराने संताकडे पाठ फिरवली आणि गारा पडल्या, तर त्या काही एकट्या मारियानच्या मक्यावर पडणार नव्हत्या. मारियानला हे कळत होतं, म्हणून त्याला गावाचा रागही नीट करता येईना. तो परसात बसून प्रार्थना करायला लागला की दोन शब्दांपुढे जीभच हलायची नाही. प्रभू, मला भीती वाटते, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी शूर माणूस बघ, असंही एकदा म्हणून झालं.

दुपार कलल्यावर आंत्रेश आला. अंगात गावकीचा काळा लोकरी अंगरखा नव्हता, म्हणजे घरचा माणूस म्हणून आला होता. त्याने कमरेची पिशवी उघडून एक छोटं पत्र्याचं नरसाळं टेबलावर ठेवलं. आमच्याकडे ज्याला प्यायचं नसतं, तो पेला हातात घेतो, ओठांना लावतो आणि नरसाळ्याने आपल्या बाटलीत ओततो. यात कुणाचा अपमान होत नाही. आजारी माणसं करतात, म्हातारी करतात.

"मारियान, थेंबसुद्धा पोटात जाणार नाही," आंत्रेश म्हणाला. "तेही नको असेल तर पेल्यात लिंबाचं सरबत घालतो, मी शालिकशी बोललोय. धूपदीप माझी माणसं बघतील. तू रविवारी खाली जा, काय गायचं ते गा. फक्त पेला हातात धर आणि ती दोन वाक्यं म्हण."

लोशाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मारियानने नजर वळवली. आता याहून जास्त कुणी काय द्यायचं? दारू नाही, धूप नाही, वर्षभराची कटकट नाही. त्याचं मन होकाराच्या काठावर येऊन उभं होतं. हो म्हटलं की संध्याकाळी नळाला पाणी येणार होतं.

"ती दोन वाक्यं मी एकदा म्हणून बसलोय, दादा," तो अडखळत म्हणाला. "हे घर तुझं, हा जीव तुझा. ओढ्यात उभं राहून."

"मग आता मनातून म्हणू नको. नुसतं तोंडाने म्हण."

"तेव्हाही तोंडानेच म्हटली होती."

आंत्रेशने नरसाळं उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या माणसाची टर उडवली, तो हाच का, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. मग त्याने ते पिशवीत टाकलं आणि जाता जाता बहिणीला सांगितलं की याला समजाव, चौकात मी तुझा भाऊ नसेन.  त्या रात्री लोशा नवऱ्याकडे पाठ करून झोपली, पण दोघांनाही झोप लागली नाही, आणि दोघांनाही ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव चौकात जमलं होतं. तिन्ही क्रुसांसमोर पाइनची हिरवी पानं पसरली होती, बाकावर गावकीची माणसं काठ्या मांडीवर आडव्या ठेवून बसली होती, आणि मधोमध आंत्रेश, काळ्या अंगरख्यात. मारियान आला तो जीव मुठीत धरून. पाय इतके लटपटत होते की बाटलीतली दारू हिंदकळताना दिसत होती. पोरं हसली. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं की पडेल बघा आता. तो पडला नाही. बाकापर्यंत गेला, बाटली शालिकच्या पायांशी ठेवली आणि म्हणाला, "माफ करा. मला हे घेता येणार नाही."

हसणं थांबलं.  मागच्या बाजूला काही पुरुषांनी कोयते कमरेला लावले होते. रोजच लावतात, पण आज मारियानला ते एकेक करून दिसत होते. शालिकने शांतपणे विचारलं, घाबरलास का? मारियानने हो म्हणून मान हलवली. मग घे की, म्हातारा म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने पेला भरून पुढे केला. मारियानने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले, कारण पुढे राहिले असते तर त्यांनी काय केलं असतं याचा त्यालाच भरवसा नव्हता.

शालिकने पेला मागे घेतला नाही. त्याने तो नुसता बाजूला वळवला, लोशाकडे. बाटली हिच्याच हातांनी घरात गेली होती, तो म्हणाला. हिने पेला घेतला तरी घराने घेतला असंच गाव मानेल. नवरा वेडा आहे, त्याला सोडून देऊ. सगळ्यांचे डोळे लोशाकडे वळले. आंत्रेश बाकावरून किंचित पुढे झुकला.

 संपलं, मारियानला वाटलं. ती घेणार. तिच्या अकरा मेंढ्या होत्या, तिचं माहेर याच गावात, आई-बाप याच मातीत पुरलेले. तिला तर शास्त्र धड समजतही नव्हतं. तिला नको म्हणावं, असा धीर त्याला झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटलं की घेतलं तर बरंच होईल. या विचाराची त्याला त्या साऱ्या सकाळीत सर्वांत जास्त भीती वाटली.

लोशा पुढे आली. तिने पेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीमागे अडकवलेल्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

"हा माणूस वीस वर्षं प्यायला," ती म्हणाली, "तेव्हा गावातल्या एकानेही त्याच्या हातातला पेला काढून घेतला नाही. ज्या प्रभूने काढला, त्याची साथ मी सोडणार नाही. मला घाबरवा हवं तर. मी घाबरलेलीच आहे."

शालिकने पेला मातीत ओतला. निकाल आंत्रेशलाच सांगावा लागला, कारभारी तोच होता. दुपारच्या ट्रकने जायचं, पाठीवर मावेल तेवढं न्यायचं, मेंढ्या आणि शेत गावाचं, परत यायचं नाही. त्याचा आवाज कुठेही हलला नाही. मागे कुणीतरी कोयता म्यानातून काढून परत घातला, तो आवाज मारियानच्या पाठीवरून सरकत गेला.

निघण्याआधी लोशा भावासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने मान वाकवली. आमच्याकडे धाकट्याने थोरल्यासमोर मान वाकवायची आणि थोरल्याने हाताने कपाळाला स्पर्श करून ती मोकळी करायची. तो स्पर्श झाल्याशिवाय मान वर करायची नसते. रस्त्यात, बाजारात, मयतीला, भांडणानंतरसुद्धा हा स्पर्श कुणी कुणाला नाकारत नाही. लोशा वाकून उभी राहिली. आंत्रेश हलला नाही. मारियानला पळून जावंसं वाटत होतं, ट्रकपर्यंत, ट्रकच्याही पुढे. तो लटपटत आला आणि तिच्या शेजारी उभा राहून त्यानेही मान वाकवली.

आंत्रेशचा हात काठीवरून निघाला. अर्ध्यापर्यंत वर आला, तिथे थांबला, आणि बाकावरच्या माणसांच्या नजरेखाली परत काठीवर गेला.

बराच वेळ दोघं तशीच वाकून उभी होती. मग लोशाने नवऱ्याचा हात धरला, आणि दोघांनी आपापली मान स्वतःच वर केली.