मंडळींना कळतं

“ही कुठली भाषा आहे तेवढं सांगा, पंडित. पुढचं माझं मी बघतो,” फौजदार म्हणाले.

रविवारची सकाळ होती. विठ्ठलवाडीला एका पत्र्याच्या शेडबाहेर, उघड्या दाराच्या जरा बाजूला आम्ही दोघं उन्हात उभे होतो. आत सगळी माणसं एकदम मोठ्यानं प्रार्थना करत होती. त्यातला एक आवाज वर चढलेला. वाक्यं असावीत तसा चढउतार होता, शब्दही स्पष्ट होते. कळत मात्र एक अक्षर नव्हतं.

मी कल्याणच्या कोर्टात दुभाषा होतो. साक्षीदार कानडीत किंवा गुजरातीत बोलला, की ते साहेबांना मराठीत किंवा इंग्रजीत सांगायचं, एवढंच काम. नियम एकच, पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही. फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी लोक आले तेव्हा मी सिंधीही शिकून घेतली. या भाषांवर माझं पोट चालायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही चालायची.

पोलिसांकडे अर्ज आला होता तो या जागेच्या मालकाचा. पेंटेकॉस्टल पंथाचे हे लोक गुप्त भाषेत खलबतं करतात, असं त्यात होतं. त्याला जागा मोकळी करून हवी होती हे शेंबडं पोरही सांगेल. पण दिवस वाईट होते. नवीन माणसं, नवीन बोली, जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघायचा. फौजदारांनी सभा बंद केली असती तर पास्टरांचं घरही गेलं असतं, कारण शेडच्या मागची खोली हेच त्यांचं घर.

पास्टर शांतवन भिंगारदिवे. दुष्काळात आईवडील गेले, अनाथालयात वाढले, रेल्वेत फिटर झाले. मग ती पक्की नोकरी सोडून त्यांनी ही मंडळी जमवली. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतात. शेडचे पत्रे त्यांनी स्वतःच्या हातांनी ठोकलेले. आतून ऐकू येणारा तो वरचा आवाज त्यांचाच होता.

प्रार्थना संपल्यावर ते बाहेर आले. मी विचारलं, “मघाशी बोललात ती भाषा कुठली?”

“अन्य भाषा.”

“हो, पण कुठली?”

“ते मला ठाऊक नाही, साहेब. पवित्र आत्मा बोलवतो, मी बोलतो.”

“म्हणजे तुमचं बोलणं तुम्हालाच कळत नाही?”

“नाही ना,” ते हसून म्हणाले.

मला हायसं वाटलं. मी फौजदारांना म्हटलं, “काम झालं. कट करायचा तर निदान दोघांना एकमेकांचं कळायला हवं. इथं बोलणाऱ्यालाच कळत नाही. कुणालाच कळत नाही असं लिहून देतो, प्रकरण मिटलं.”

फौजदारांनी मान डोलावली. पण पास्टर एकदम गंभीर झाले.

“तसं लिहू नका. आमच्या मंडळींना कळतं.”

फौजदारांचा चेहरा बदलला. “सगळ्यांना?”

“सगळ्यांना कसं कळेल? मंडळींना.”

“अहो, मंडळी म्हणजे सगळेच ना?”

“आमच्या मंडळींना हो! प्रभाकरच्या आईला!”

मंडळी म्हणजे बायको. माझ्या घरातही हाच शब्द होता. इतक्या भाषा कोळून प्यायलेला मी, मराठीत तोंडावर आपटलो.

आता घोटाळा वाढला. बोलणारा एक आणि समजणारी एक, म्हणजे कटाला लागतात तेवढे दोघे झाले. मी पास्टरांना बाजूला घेतलं. “कुणालाच कळत नाही म्हणा हो. घर वाचेल.”

“तिला कळतं ते मी नाही कसं म्हणू? रेल्वे सोडली तेव्हापासून मी बोलतो आणि ती अर्थ सांगते. तेवढंच तर आहे आमच्याकडे.”

मला त्यांचा रागच आला. इतका हटवादी माणूस, आणि तोही स्वतःच्या नुकसानासाठी.

फौजदारांनी बाईंना बोलावलं. सगुणाबाई पदर सावरत आल्या. ठेंगण्याशा, शांत.

“मघाशी हे काय बोलले?” फौजदारांनी विचारलं.

“तेच तर आत सांगून आले सगळ्यांना. दाराशी दोघं उन्हात उभे हायेत, त्यांना आत बसवा, पाणी द्या.”

मी मध्ये पडलो. “एवढ्या लांबलचक बोलण्याचा एवढाच अर्थ?”

“बाकी समदी स्तुती व्हती,” बाई म्हणाल्या.

माझ्यातला दुभाषा गप्प बसेना. पास्टरांचं बोलणं मी कानाला लागेल तसं कागदावर उतरवलं होतं. ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. “हे नुसतेच आवाज हायेत, भाऊ.”

मी शेडच्या खिडकीशी जाऊन पाहिलं. आम्ही उभे होतो ती जागा तिथून दिसत होती. म्हणजे बाईंनी आम्हाला बघितलं असेल. पण नसेलही. पाणी आलं, ते आम्ही प्यालो, आणि माझं डोकं चालेनासं झालं.

शेवटी नियमाप्रमाणे जे ऐकलं तेच लिहिलं. भाषा ओळखता आली नाही. बोलणाऱ्यास कळत नाही, त्याच्या पत्नीस कळते. ती अर्थ तिथल्या तिथे, दार उघडे ठेवून, सर्वांना मराठीत सांगते.

फौजदारांनी दोनदा वाचलं. “याचं मी काय करू?”

“साहेब, जे उघड्या दारानं मराठीत सांगतात ते गुप्त कसं?”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि अर्ज निकाली काढला. शेड राहिली, घरही राहिलं.

काही वर्षांनी पास्टर गेले. रेल्वेत कारकुनी करणारा प्रभाकर आता रविवारी उपदेश करतो असं ऐकलं, म्हणून एकदा भेटायला गेलो. प्रार्थनेत त्याचाही आवाज वर चढला. अगदी बापाचाच चढउतार. तो थांबला तेव्हा सगळे सगुणाबाईंकडे बघू लागले. त्या मान खाली घालून बसलेल्या.

मी हळूच विचारलं, “काय म्हणाला तो?”

“मला काय ठाव? मला यांचंच कळायचं.”

मग मागच्या रांगेतून प्रभाकरची बायको उठली. कोवळी पोर, लाजेनं लाल झालेली. “भिऊ नका, असं प्रभू म्हणतोय... मी तुमच्या...” एवढं बोलून ती अडखळली आणि खाली बसली.

सगुणाबाई डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अर्धंच लागलं तिला. यील हळूहळू. लग्नाला वरीसच तर झालंय.”

पुढे दुभाष्याच्या नोकरीसाठी येणारी मुलं मला विचारायची, एक भाषा यायला किती दिवस लागतात? मी सांगायचो, ती कोणाची आहे त्यावर आहे.