लिमये बाईंचं 'झिरो इन'

कुणी पाल्हाळ लावलं की लिमये बाई चष्मा काढून पदराने पुसत बसायच्या. बोलणारीचा दम संपला की चष्मा चढवून म्हणायच्या, "झालं? आता झिरो इन करा." म्हणजे बाकीचं सोडा, नेमकी एक गोष्ट धरा. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत त्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवत, आणि नव्या बाईला पहिले शब्द हेच शिकवत.

मी पडले पुण्याच्या कडेच्या धायरी गावची, एकदा सुरू झाले की थांबणं ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं, बँकेत बोलायचंय, सोसायटीतल्या बायकांशी बोलायचंय, कधी विमानाने गेलो तर तिथं बोलायचंय. बाईंचा चष्मा दोनदा पुसून झाला.

"अहो, लंडनवर राज्य करायला निघालात का? इंग्रजी कोणासाठी हवंय, एक नाव सांगा."

माझे डोळेच भरून आले. "मुलीसाठी," मी म्हणाले. माझी ऋतुजा सातवीत, इंग्रजी शाळेत. पालकसभेचं निघालं तेव्हा म्हणाली होती, "आई, तू नको येऊस, तुला इंग्लिश येत नाही. बाबांना पाठव." काळजात चर्र झालं होतं.

बाईंनी सांत्वन केलं नाही. तो त्यांचा प्रांतच नव्हता. "सभा कधी?"

"शनिवारी."

"चार दिवसांत इंग्रजी येत नाही, एक वाक्य येतं. शिक्षिकेला काय विचारायचंय?"

"तिचं गणित कच्चं आहे. घरी काय करून घेऊ?"

"बास. यावर झिरो इन."

चार दिवस भाकऱ्या थापताना मी बाईंनी इंग्रजीत करून दिलेलं ते एकच वाक्य घोटलं.

शनिवारी ऋतुजा तोंड पाडून शेजारी बसली. मी वाक्य म्हटलं. शिक्षिका खूश! आणि तिने जो इंग्रजीचा नळ सोडला, अगं बाई! एक अक्षर कळेना. पण उत्तर घेतल्याशिवाय मी उठणार नव्हते. म्हणाले, "मॅडम, जरा मराठीत सांगता का?"

"अहो, सांगते की!" म्हणत तिने भाकरीच्या चतकोरांवर अपूर्णांक कसे शिकवायचे ते नीट समजावलं. परतताना ऋतुजा स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा कधी काही विचारतच नाहीत. पुढच्या वेळी पण तूच ये."

सोमवारी बाईंना सगळं सांगितलं. त्या कोरडेपणाने म्हणाल्या, "काम झालं की. मग आज कशाला आलात?"

"आता शिकायला आले, बाई."

त्या मोकळं हसल्या आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं. बाई गेल्या त्या आठवड्यापर्यंत, चांगली सहा वर्षं, मी जात राहिले. इंग्रजी अजून धड येत नाही. पण विचारायला मी आता कुणाच्या बापाला भीत नाही.