आत्याच्या गळ्यातली मरणं

माझी आत्या आजवर कितीदा मेली, हे तिलाही सांगता येणार नाही. कुऱ्हाडीने, करवतीने, एकदा तर शिलाई मशीनने. मुखवटा घातलेला एक खुनी आणि त्याने कापून काढलेली माणसं, अशा सिनेमाचे सहा भाग निघाले. त्यात मरणाऱ्या प्रत्येक बाईची किंकाळी आत्याची. पडद्यावरच्या नट्या देखण्या, पण ओरडतात चहात माशी पडल्यासारख्या. मग स्टुडिओच्या बंद खोलीत माइकसमोर आत्या उभी राहते.

घरी मात्र तिचा आवाज कधी चढत नाही, गळा जपायचा असतो. "बाहेर ओरडते, घरात नुसती बघते," काका म्हणतात, "मला त्या बघण्याचीच जास्त भीती वाटते."

या सिनेमांवर तिचा जीव आहे, आणि सासूसारखी ती त्यांची उणीदुणीही काढते. पहिल्या दोन भागांत, तिच्या मते, दिग्दर्शकाने कमाल केली. खुनी दिसतच नाही. कडी हळूच हलते आणि आपला जीव टांगणीला लागतो. पुढे नुसती रक्ताची आंघोळ. "भीती संपली की हे बादल्या आणतात," ती म्हणते. खुनी जळतो, बुडतो, पुन्हा उठतो. पोरी एकट्याच तळघरात उतरतात. तेही ती चालवून घेते. तिला खुपतं ते वेगळंच. "मेलेल्याच्या घरचं कोणी रडतच नाही गं. आगापिछा नसलेली इतकी माणसं आणतात तरी कुठून?"

म्हणून किंकाळीआधी ती विचारते, ही कोण, कुठून आली. उत्तर मिळालं नाही तर स्वतःच ठरवते. त्यामुळे तिची एक किंकाळी दुसरीसारखी नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो.

सातव्या भागाआधी दिग्दर्शकाने तिला बोलावलं. मी सोबत होते.

"ताई, आज पंधरा-वीस किंकाळ्या देऊन ठेवा. पुढच्या सगळ्या भागांना पुरतील. तुमच्या घशालाही आराम."

आराम म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळलं. तिला पुन्हा बोलवायची गरजच उरणार नव्हती. माझं डोकं फिरलं; आत्या मुकाट माइकसमोर गेली.

"कोण मरतंय?"

"कोणी नाही, ताई. नुसतं ओरडायचं."

तिने तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ते नाटक नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अरे, कोणीतरी दे मला," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "बरं. एक नर्स आहे. ड्युटी संपवून घरी निघालीय."

"घरी कोण?"

"आई." सहा भागांनंतर पहिल्यांदाच त्याने कुणाला आई दिली. मग त्याला सुचतच गेलं. आई जेवायची थांबलीय. तिचा दुरुस्त करून आणलेला चष्मा पोरीच्या पर्समध्ये आहे.

आत्या ओरडली. मी कान झाकले. काचेपलीकडे दिग्दर्शकाने हेडफोन काढून ठेवले. आत्या बाहेर आली, घोटभर पाणी प्यायली आणि त्याला म्हणाली, "हिला मारू नकोस रे."

सातव्या भागात रक्त आहेच, खुनी परत उठतोच. पण नर्स घरी पोचते. तिची किंकाळी कुठेच वापरलेली नाही. बाकीच्यांच्या मरणांसाठी आत्याला बोलावणं आलं, तेव्हा प्रत्येकीच्या घरी कोण वाट बघतंय, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवून ठेवलं होतं.