बँकॉकच्या विहारात पांढरी साडी

ईदच्या चार दिवसांच्या सुट्टीत मी एकटीच बँकॉकला गेले. बहारीनमध्ये मी एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करते. सुट्टी लागली की बाकीचे झल्लाकच्या समुद्रावर जातात, मी मात्र आईसाठी निघाले होते. अकोल्याला असलेल्या माझ्या आईची एकच इच्छा होती: आपल्या घरातल्या कुणीतरी एखाद्या बौद्ध देशात जाऊन मूर्तीपुढे त्रिशरण म्हणावं. तिचे गुडघे गेलेत. म्हणून मी म्हणायचं आणि तिने फोनवर पाहायचं, असं ठरलं.

शहर पाहून पहिल्याच दिवशी माझं डोकं तापलं. दर कोपऱ्यावर खांबावरचा छोटा देव्हारा, त्यापुढे लाल सरबताची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉसुद्धा. झाडांना रंगीत फडकी गुंडाळलेली. टॅक्सीवाल्याच्या आरशाला ताईत. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्याच आठवड्यात घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या बुद्ध आहे तिथे हा प्रकार. हसण्यावारी न्यायला हवं होतं, मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले. वंदनेला पांढरंच नेसायचं, ही आमच्याकडची रीत. आईला व्हिडिओ कॉल लावला, तर तीही पांढरं नेसून बसलेली. मूर्तीसमोर दोरी बांधली होती. पलीकडे लोक बसून प्रार्थना करत होते, अलीकडे टूरिस्ट फोटो काढत होते. मी पलीकडे जायला निघाले तर रखवालदाराने हात आडवा केला.

"इंडियन? हिंदू, धिस साइड."

"आय अॅम बुद्धिस्ट," मी म्हणाले.

तो मनापासून हसला. मग उपकार करावेत तसा रस्ता दाखवू लागला. ब्रह्मदेवाचं देऊळ जवळच आहे, इंडियन लोक तिकडे जातात. ब्रह्मदेवाचं! त्याला देव मानणार नाही ही आमच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिली, मला ती बाराखडीच्या आधी पाठ होती.

फोनमधून आई म्हणाली, "सांग ना त्याले, आपन कोन हाओत ते."

सांगितलं. तीनदा सांगितलं. शेवटी दोरीच्या अलीकडे, सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहूनच त्रिशरण म्हटलं. आईने हात जोडले, पण ती सारखी त्या दोरीकडेच बघत होती.

परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी सगळा राग मैत्रिणीपुढे ओकले. ती रत्नागिरीची, आमच्याच ऑफिसात क्लार्क. माझ्यासाठी शिरखुर्मा राखून आणला होता तिने.

"कोण तो दीडदमडीचा, मला हिंदू ठरवणारा?" मी म्हणाले.

तिने हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे तू बौद्ध आहेस?"

"मग?"

"नऊ वर्षं एका डब्यात जेवतोय आपण. मला कधी बोललीस नाय."

इथे आले त्याच आठवड्यात उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमधल्या रूममेटने आडनावावरून गाव, गावावरून जात चाचपायला घेतली होती. तेव्हा 'हिंदूच' म्हणून मी मोकळी झाले होते. पुढे ऑफिसातही तेच चालू ठेवलं. बौद्ध म्हटलं की आपल्या माणसांना जात कळते. बँकॉकच्या त्या रखवालदाराला ती कळणार नव्हती, म्हणूनच त्याच्यापुढे मी तीनदा तोंड उघडू शकले.