आण्णामामांच्या वीराचे भाऊबंद

पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला पूर्वज सापडेलच याची खात्री नसते. किस्से मात्र न शोधता सापडतात. आमच्याकडे तर इतके साठलेत की पाहुणे आले की बायको चहा ठेवते आणि मला म्हणते, "करा सुरू. उकळेपर्यंत चांदवडच्या किश्शापर्यंत पोचाल."

शोधायला निघालो होतो आम्ही चौघे. माझे मामा आण्णा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक मुलगी रेखा, जावई विलासराव आणि मी. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीचं सगळं मला पाठ असणार अशी बाकी तिघांची समजूत.

आण्णामामांच्या देव्हाऱ्यात एक चांदीचा टाक आहे. घोड्यावर बसलेला स्वार, हात लावून लावून गुळगुळीत झालेला. हा त्यांचा वीर, म्हणजे अवेळी मारला गेलेला पूर्वज, रायाजी. पेशवाईतला शिपाई. पानिपतावर गेला आणि परत आला नाही, एवढंच घरात माहीत. धुळवडीला नाशकात ज्यांच्या घरी असे वीर आहेत ते टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात बांधून, वाजतगाजत नाचवत रामकुंडावर आंघोळीला नेतात. मामांनी हे मिसरूड फुटल्यापासून केलं.

अडचण अशी की वीर त्याच कुळातल्या पुरुषानं नाचवायचा. विलासराव जावई, मी भाचा, म्हणजे दोघंही परके. "माझ्यामागं रायाजी डब्यात बसेल रे," मामा म्हणायचे. जवळच्या भाऊबंदांत पुरुष कुणी उरला नव्हता, म्हणून लांबचे शोधायचे होते.

रेखा म्हणाली होती, "मी नाचवते की."

"लग्नात तुझं कूळ बदललं, पोरी."

"मी नव्हतं बदललं. तुम्ही बदललंत." त्यानंतर आठवडाभर ती वडिलांशी बोलली नाही.

*

मामांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेरून आलेले, नाशकात नवे. काय काय टाळायचं ते त्यांनी सांगितलं. मांडी घालायची नाही, जिने कमी चढायचे.

मामांनी विचारलं, "आणि वीराचं काय?"

डॉक्टर म्हणाले, "त्यांनाही घेऊन या. एक्स-रे काढून बघू."

*

मी सगळ्यांना एका जुन्या अभ्यासकांकडे घेऊन गेलो. गृहस्थ मोडी वाचणारे, पण स्वभाव तिरकस. मामांनी सुरुवात केली, "आमचे पूर्वज पानिपतावर पडले."

"तुमचेही?" ते म्हणाले. "बसा. सकाळपासून तुम्ही तिसरे. एवढी माणसं खरंच गेली असती ना, तर आपण हरलोच नसतो."

मामा बाहेर येऊन मला म्हणाले, "माणूस विद्वान आहे, पण त्याच्या घरात कुणी लढलेलं दिसत नाही."

*

विलासरावांचा विश्वास मोबाइलवर. त्यांनी कुठल्याशा ॲपमध्ये मामांचा फोटो टाकला, खाली "अठराव्या शतकातला मराठा घोडेस्वार" असं लिहिलं आणि रायाजीचं चित्र काढून घेतलं. छाती भरदार, मानेवर रुळणारे दाट केस, मागं पेटलेलं आभाळ. रेखानं कौतुकानं फ्रेमसुद्धा आणली.

मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणाले, "हा आपल्यातला नाही. आपल्यात कुणालाच विशीनंतर एवढे केस नव्हते."

फ्रेम विलासरावांच्या ऑफिसात लागली. गिऱ्हाइकं विचारतात, ही कुठली सिरियल.

*

चांदवडला त्याच आडनावाचं एक घर असल्याचं कळलं. गेलो. कांद्याच्या चाळीसमोर खुर्च्या टाकून गृहस्थांनी आम्हाला बसवलं, पोहे दिले. कुलदैवत विचारलं, जुळलं. मूळ गाव विचारलं, तेही गोदाकाठचं निघालं. मामा खुर्चीत पुढं सरकले.

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं हाक मारली. ते आत गेले आणि आले ते चेहरा पाडूनच.

"साहेब, एक सांगू? तुमच्या चुलतचुलत्यांची नात आमच्या धाकट्याला दिलीय. दोन लेकरं हायेत त्यांना."

भाऊबंदांत सोयरीक होत नाही. ही दोन घरं भाऊबंद ठरली, तर ते नवराबायको भाऊबहीण ठरणार.

मामांनी बशीतले उरलेले पोहे संपवले. मग उठले आणि म्हणाले, "आपलं काही नातं नाही हो. पोहे छान होते."

*

मग सायखेडा. तिथं त्याच आडनावाचे तात्या म्हणून एक म्हातारे, मळ्यातच राहतात. आमची पांढरी गाडी आणि विलासरावांची लॅपटॉपची बॅग बघून ते ओट्यावरून उठलेच नाहीत.

"सातबाऱ्याला नाव लावायला आलाय का?"

मामा म्हणाले, "नाही हो. जमीन नको."

"मंग? जमीन नको म्हणून एवढ्या लांब कोण येतं?"

मामांनी रायाजीचं नाव काढलं. तात्यांनी देवक विचारलं. मामा म्हणाले, कळंब. तात्या आत गेले आणि एक टाक घेऊन आले. घोड्यावर बसलेला स्वार, तसाच गुळगुळीत.

"हा आमचा रायाजी. आमी त्याच्या पोराच्या वंशातले. पर पानपतावर नाय मेला तो. पानपतावरून जिता आला."

मामांना ते पटेना. "मग गेला कसा?"

"घरी आला, तं धाकट्या भावानं याच्या वाट्याचं रान आपल्याकडं घेतलेलं. थोरला मेला असं समजून. लागली भांडणं. बांधावर धाकट्यानं कुऱ्हाड घातली." तात्यांनी टाक मांडीवर ठेवला. "धाकटा बायकापोरं घेऊन पळाला. नाशकाकडं गेला म्हणत्यात."

आम्ही नाशकाकडूनच आलो होतो.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात ज्याला पुजतो, त्याला आपणच मारलं." मामांनी नंतर तात्यांना फोन केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

*

पुढची धुळवड आली. मामा नाचवणार नव्हते, नुसतं स्नान घालून परत येणार होते. आम्ही रामकुंडावर पोचलो, तर पायऱ्यांवर तात्या उभे. शेजारी त्यांचा मुलगा संतोष, कपाळभर गुलाल, हातात लाल फडक्यातला वीर. दरवर्षी ते गावातच नदीवर न्यायचे. यंदा इथं का आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही.

दोघं पायरीवर शेजारी बसले. एकच ताम्हन होतं, रेखानं आणलेलं. त्यात तात्यांनी आपला टाक ठेवला, मामांनी आपला. पाणी घातलं, हळद लावली, पुन्हा पाणी घातलं.

मग मामांनी आपला टाक उचलायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. दोन्ही सारखेच झिजलेले. एकाही स्वाराला चेहरा नव्हता.

"तात्या," मामा म्हणाले, "आमचा कोणता?"

तात्यांनी वाकून पाहिलं. विलासराव मोबाइल काढून जुने फोटो शोधायला लागले, त्यांना तात्यांनी हातानंच थांबवलं. खोबऱ्याची एकच वाटी घेतली, दोन्ही टाक तिच्यात ठेवले, वरून लाल फडकं बांधलं आणि ते संतोषच्या हातात दिलं.

"असू द्या एकत्र," ते मामांना म्हणाले. "एकदा वाटणी केली ती बास झाली."